हिरडीच्या ठिगळाची कुळकथा

सोलापुरात विडी वळणाऱ्या घरांत काय, आसपासच्या खेड्यांत काय, मिश्री लावल्याशिवाय सकाळ सुरू न होणाऱ्या बायका अजून आहेत. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. वर्षानुवर्षं असं चाललं की हिरडी मागे सरते, दात लांब दिसू लागतात, उघड्या मुळाला गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जाते. जोर लावून ब्रश घासणं, जुना पायोरिया, मुळातच पातळ हिरडी हीही कारणं आहेतच. सरलेली हिरडी आपणहून परत येत नाही. मूळ झाकायचंच असेल, तर आजूबाजूची हिरडी ओढून घ्यावी लागते किंवा दुसरीकडून ठिगळ आणावं लागतं.

या ठिगळाचा एक पूर्वज पुण्याचा आहे. 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्याचा नाकाएवढा साचा केला, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. कातडी फिरवून खाली आणली, सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या चिंध्या बसवल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली. तोवर तिच्यातूनच रक्त येत होतं आणि कातडी जगत होती. सगळी करामत त्या पट्टीत आहे.

क्रुसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या डॉक्टरांनी ही पद्धत पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये वृत्तांत छापून आला. त्यात गाडीवानाचं नाव आहे, कारागिराचं नाही, हे मला फार लागतं. वृत्तांताच्या आधारे कार्प्यू या शल्यविशारदाने 1814 मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपभर तिचा बोलबाला झाला.

कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून जगवायचा हा नियम हिरडीपर्यंत पोचायला विसावं शतक उजाडलं. 1956 मध्ये ग्रूप आणि वॉरन यांनी शेजारच्या दाताची हिरडी बुडाशी जोडलेली ठेवूनच उघड्या मुळावर सरकवली. पुढे 1963 मध्ये ब्योर्नने टाळूचा तुकडा पूर्ण सोडवून लावला. तो जगतो, पण रंग वेगळा दिसतो आणि टाळूची जखम दुखते. 1985 मध्ये लँगर दांपत्याने टाळूच्या आतला थर तेवढा काढला आणि हिरडीच्या पदराखाली सरकवला. त्याला खालून आणि वरून, दोन्हीकडून रक्त मिळतं. आजही मूळ झाकण्यासाठी तज्ज्ञ याच पद्धतीवर सर्वांत जास्त भरवसा ठेवतात.

दोन दातांमधलं हाड शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकलं जाऊ शकतं. ते झिजलं असेल, तर पूर्ण यशाची आशा धरू नये. तंबाखू चालू ठेवली तर रक्तपुरवठा बिघडतो आणि ठिगळ नीट धरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी घरातला मिश्रीचा डबा फेकून द्या.