शाळा मुलाची ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ तपासणी लांबवतेय? पालकांचे हक्क काय आहेत?

तिसरीतली मुलगी. गोष्ट तोंडी विचारली तर घडाघडा सांगते. तीच गोष्ट वाचायला दिली की प्रत्येक ओळीवर अडखळते. लिहिताना वेलांट्या गायब होतात, ‘घ’चा ‘ध’ होतो, जोडाक्षरं सुटतात. शाळेत विचारलं तर उत्तर मिळतं, “लक्ष देत नाही. घरी सराव घ्या. अजून लहान आहे, एक वर्ष बघू.”

ते वर्ष जातं, पुढचंही जातं. मग नववीत कुणीतरी विचारतं, “हिची तपासणी आधी का नाही केली?” तोपर्यंत ‘मला काही येतच नाही’ हे मुलीच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

अशा वेळी पालकांनी फक्त वाट बघायची का? कायदा काय सांगतो, ते पाहूया.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अडचण म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातल्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणितातल्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. हा आळस नाही आणि आईवडिलांच्या संगोपनातली चूकही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांमध्ये तिचा समावेश आहे.

शाळेची जबाबदारी काय?

याच कायद्याच्या कलम १६ नुसार, मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखली जावी आणि त्यानुसार शिकवण्यात बदल व्हावेत, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. हे कलम सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांसाठी आहे. म्हणजे मान्यताप्राप्त खासगी शाळाही त्यात आल्या.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आणखी स्पष्ट आहेत. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची. त्यासाठी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असायला हवी आणि गरज वाटल्यास समितीने मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शाळेचं काम ओळखणं आणि पाठवणं एवढंच आहे. निदान आणि प्रमाणपत्र हे काम अधिकृत वैद्यकीय यंत्रणेचं.

शाळेला मुदत किती?

इथेच मेख आहे. कायद्यात ‘लवकरात लवकर’ म्हटलंय, पण अमुक दिवसांत तपासणी करा असा आकडा नाही. त्यामुळे पालक-शिक्षक सभेत तोंडी बोललेलं हवेत विरतं. लेखी अर्ज दिला की तारीख पक्की होते.

अर्जात काय लिहायचं?

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज पुरतो:

- मुलाचं नाव, इयत्ता आणि अडचण कधीपासून दिसतेय
- दोन-तीन ठोस उदाहरणं, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स
- ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार प्राथमिक तपासणी करून लेखी कळवावे’ अशी मागणी
- उत्तरासाठी तुम्ही दिलेली तारीख, उदाहरणार्थ १५ दिवस

दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शाळा पोच देत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा.

तरीही शाळा हलली नाही तर?

गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा. मूल ६ ते १४ वयोगटातलं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

दुसरा मार्ग पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचा. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर हाच मार्ग धरा, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अशा शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं आहे.

शाळेशिवाय थेट तपासणी करता येते का?

हो, आणि अनेकदा तेच शहाणपणाचं ठरतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याचा हक्क त्या व्यक्तीचा असतो आणि लहान मुलाच्या वतीने पालक अर्ज करू शकतात. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या महापालिका रुग्णालयांत अशा तपासणीची सोय आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आधी नजर आणि ऐकणं तपासतात, मग बुद्ध्यांक आणि शेवटी वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. एका फेरीत काम होईलच असं नाही.

मूल मराठी माध्यमात असेल तर चाचणी कोणत्या भाषेत होणार, हे आधीच विचारा. ‘डाली’ नावाची भारतीय भाषांसाठी तयार केलेली चाचणी मराठीतही आहे.

आठ वर्षांच्या आधी काय?

प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं. पण मदतीला प्रमाणपत्र लागत नाही. दुसरीतल्या मुलालाही विशेष शिक्षकाची मदत, जास्त वेळ किंवा तोंडी उत्तरांची मुभा शाळा देऊ शकते. ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे कारण चालवून घेऊ नका.

प्रमाणपत्राने काय मिळतं?

महाराष्ट्रात १९९६ पासून या मुलांना परीक्षेत सवलती आहेत: तासाला २० मिनिटं जादा, गरजेनुसार लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर आणि विषयांत काही पर्याय. मात्र प्रमाणपत्राची मुदत तपासत राहा. केंद्राच्या सूचनांनुसार १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते. चौदावं वर्ष बहुधा आठवी-नववीत येतं, म्हणून दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

‘दाखला घेऊन जा’ म्हणाले तर?

शिक्षण हक्क कायदा लागू असलेल्या शाळेला आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही. दिव्यांगत्वावरून प्रवेशात भेदभाव करायलाही २०१६ च्या कायद्याची मनाई आहे. दबाव आला तर ‘हे लेखी द्या’ एवढंच म्हणा.

‘मुलावर शिक्का बसेल’ या भीतीने अनेक घरांतही वर्षं निघून जातात. पण ‘ढ’ आणि ‘आळशी’ हे शिक्के वर्गात आधीच बसलेले असतात. तपासणी झाली तर निदान खरं कारण कळतं आणि मदत कुठून सुरू करायची, हेही समजतं.