उच्च वातावरणातील वारे व संक्षोभ यांचे मापन
वारा प्रत्यक्ष दिसत नाही. त्याच्याबरोबर वाहणारी एखादी खूणच दिसते. बलूनाच्या साहाय्याने सु. ३० किमी. उंचीपर्यंतचे वारे मोजता येतात. त्याहून उंचावरील विरळ हवेत अशी खूण कोणती मिळवावी, हाच या मापनाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

स्थितांबरातील पहिली मोठी खूण निसर्गानेच पुरविली. २७ ऑगस्ट १८८३ रोजीच्या क्रॅकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटातील धूळ पश्चिमेकडे सरकत सु. दोन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. विषुववृत्तावर त्या उंचीवर नेहमी पूर्वेकडूनच वारे वाहतात, असे त्यावरून मानले गेले. आर्थर बेर्झोन यांना १९०८ मध्ये पूर्व आफ्रिकेत सोडलेल्या बलूनांद्वारे मात्र पश्चिमेकडून येणारे वारे आढळले. दोन्ही निरीक्षणे खरी होती. हे वारे सु. २८ महिन्यांच्या आवर्तनाने दिशा बदलतात, हे १९६०–६१ च्या सुमारास स्पष्ट झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अग्निबाण उपलब्ध झाले. उंचावर स्फोटके उडवून त्यांचा ध्वनी जमिनीवर टिपणे, धातूचे बारीक तुकडे सोडून रडारने त्यांचा माग काढणे अशा पद्धती वापरण्यात आल्या; परंतु सर्वांत बोलकी ठरली ती सोडियम बाष्पाची पद्धती. जमिनीवर अंधार आणि उंचावर ऊन अशा संधिप्रकाशात अग्निबाणातून सोडलेले बाष्प पिवळ्या रंगाने उजळते. निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांत ही रेषा कशी वाकत जाते, त्यावरून प्रत्येक उंचीवरील वारा काढता येतो. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेल्या पहिल्या अग्निबाणात फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिलेले असेच बाष्प होते. या रेषांनी आणखी एक गोष्ट दाखविली : सु. १०० किमी.च्या खाली त्या लवकरच गाठाळून विस्कटतात, वर मात्र गुळगुळीत राहतात. ही संक्षोभसीमा होय. तिच्या खाली हवा सतत घुसळली जाते; वर वायू आपापल्या वजनानुसार वेगळे होऊ लागतात.

पुढे संक्षोभ हीच खूण झाली. पेरूमधील हिकामार्का येथील रडारच्या साहाय्याने वुडमन व गियेन यांनी १९७४ मध्ये दाखविले की, हवेतील भोवऱ्यांमुळे प्रणमनांकात होणारे सूक्ष्म बदल रेडिओ तरंग परत पाठवितात. डॉप्लर परिणामाने त्यांच्या कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून वारा, तर परतलेल्या कंप्रतांच्या पसाऱ्यावरून संक्षोभाची तीव्रता कळते. तिरुपतीजवळील गादंकी येथे १९९० नंतरच्या दशकात कार्यान्वित झालेले ५३ मेगॅहर्ट्झचे रडार याच तत्त्वावर बांधले आहे. अग्निबाणाचे निरीक्षण काही मिनिटांत संपते, रडारचे दिवसेंदिवस चालू ठेवता येते. तथापि सु. ३० ते ६० किमी.च्या पट्ट्यातून रडारला पुरेसे प्रतिध्वनी मिळत नाहीत, आणि मध्यांबरातील प्रतिध्वनी सूर्यप्रकाशाने मुक्त झालेल्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असल्याने मुख्यतः दिवसाच येतात. त्या पट्ट्यासाठी अग्निबाण व लेसर किरण यांचाच आधार घ्यावा लागतो.