कमांड लाइन, कॉन्फिगरेशन व मॉड्यूल : एका अधिकारप्रश्नाचा इतिहास

संगणकाची आज्ञावली लहान असते तोवर तिला आरंभी दिलेली मूल्ये कोठे ठेवावीत हा प्रश्न उद्भवत नाही. पन्नास ओळींच्या एका फाइलीत सर्व काही एका दृष्टिक्षेपात येते. आज्ञावली वाढून तिची दहा-वीस मॉड्यूले झाली म्हणजे मात्र, वापरणाऱ्याने कमांड लाइनवर लिहिलेले मूल्य अगदी आतल्या मॉड्यूलापर्यंत कोणी व कसे पोहोचवावे, असा प्रश्न उभा राहतो. तो वरवर सोयीचा वाटतो. वस्तुतः तो अधिकाराचा आहे. बाहेरून आलेली आज्ञा वाचण्याचा अधिकार कोणाला असावा, हे त्याचे खरे स्वरूप होय. ज्यांचे प्रबंध गणनेवर उभे आहेत त्यांना त्याचे उत्तर टाळता येत नाही. कारण कोणत्या मूल्यांवर निष्कर्ष निघाला हे नंतर सांगता आले नाही, तर तो निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहता येत नाही. या प्रश्नाचा ऐतिहासिक परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे मूळ युनिक्समध्ये आहे. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ साली आरंभिलेल्या या प्रणालीत, आणि तिच्यासाठी घडलेल्या सी भाषेत, कमांड लाइनवरील शब्द 'मेन' या प्रमुख फलनाच्या हाती दिले जात. इतर फलनांना ते हवे असतील तर प्रमुखाने ते पुढे सोपवावे, अशी ही रचना होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत पर्यावरण-चलांची, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची सोय झाली आणि तिच्याबरोबर नेमकी उलट रीत आली. पर्यावरणातील मूल्य कोणतेही फलन, कोणाचीही अनुमती न घेता, वाचू शकते. हाती सोपविण्याची एक परंपरा आणि चव्हाट्यावर मांडण्याची दुसरी, अशा दोन परंपरा येथून शेजारी शेजारी नांदू लागल्या.

पर्याय लिहिण्याची पद्धत मात्र प्रारंभी प्रत्येक आज्ञावलीची निराळी होती. ए. टी. अँड टी. मध्ये १९८० च्या सुमारास तयार झालेल्या 'गेटऑप्ट' या फलनाने तिला शिस्त लावली. १९८५ साली डॅलस येथील युनिफोरम परिषदेत त्याची संहिता सर्वांसाठी खुली करण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या साधनाने लेखनातील अराजक संपविले, त्यानेच आपली मधली अवस्था 'ऑप्टार्ग', 'ऑप्टिंड' अशा सर्वसंचारी चलांत ठेवली. वाचनाला शिस्त आली, वाटपाला आली नाही. पुढील इतिहासात हीच विसंगती वारंवार आढळते.

खीडो फान रोस्सुम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणनशास्त्राच्या केंद्रात पायथन भाषेस प्रारंभ केला. तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली. या भाषेत कमांड लाइनवरील शब्द प्रमुख फलनाच्या हाती न देता 'सिस' या मॉड्यूलातील 'आर्गव्ही' या सूचीत ठेवलेले असतात. 'सिस' कोणालाही आयात करता येत असल्याने सी भाषेतील सीमारेषा येथे पुसली गेली. पुढे साधने सुधारत गेली. प्रथम सीच्या धर्तीवर 'गेटऑप्ट' होते. २००३ साली, २.३ या आवृत्तीत, ग्रेग वॉर्ड यांच्या 'ऑप्टिक'वरून 'ऑप्टपार्स' आले. आणि स्टीव्हन बेथर्ड यांचे 'आर्गपार्स' २०१० मध्ये २.७ या आवृत्तीत व २०११ मध्ये ३.२ या आवृत्तीत दाखल झाले. मूल्याचा प्रकार तपासणे, साहाय्याचा मजकूर आपोआप सिद्ध करणे, उपआज्ञा ओळखणे या सर्व सोयी त्यांत आल्या. परंतु वाचलेले मूल्य इतर मॉड्यूलांत कसे न्यावे याविषयी ही साधने मौन धारण करतात.

त्या मौनाची जागा एका रूढीने भरून काढली. पायथनमध्ये एका प्रक्रियेत एखादे मॉड्यूल प्रथम आयात होताना एकदाच चालविले जाते; नंतरच्या आयातींना तेच सिद्ध मॉड्यूल मिळते. म्हणून 'कॉन्फिग' नावाचे एक मॉड्यूल करून सर्वांनी ते आयात करावे, अशी शिफारस भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही आढळते. ही रूढी उपयुक्त आहे, तथापि निर्धोक नाही. कॉन्फिगमधील एखादे नाव सुटे आयात केले, तर ते आयातीच्या क्षणीच्या मूल्याशी बांधले जाते. कॉन्फिगमध्ये नंतर त्या नावास नवे मूल्य दिले तरी आयात करणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही. समांतर गणनेत जेथे नवी प्रक्रिया कोऱ्या पाटीने सुरू होते, आणि विंडोजवर तसेच २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून मॅकवर हीच मूळ रीत आहे, तेथे जनक प्रक्रियेने चालता चालता भरलेली मूल्ये बालप्रक्रियेत नसतात. याहून घातक चूक म्हणजे आयात होतानाच आर्ग्युमेंटे वाचणारे मॉड्यूल. चाचणी घेणाऱ्या साधनाने ते आयात केले की ते त्या साधनाचीच आर्ग्युमेंटे आपली मानून वाचू लागते, आणि अनोळखी पर्याय दिसताच आर्गपार्स सारी प्रक्रिया थांबविते.

मूल्ये अनेक ठिकाणांहून येऊ लागली की त्यांच्यात अग्रक्रम ठरवावा लागतो. सर्वांत खाली संहितेतील मूळ मूल्य, त्यावर कॉन्फिगरेशनची फाइल, त्यावर पर्यावरण-चल आणि सर्वांवर कमांड लाइन, असा क्रम सामान्यतः पाळला जातो. याचे मर्म आपल्याकडील रेल्वेच्या कारभारात चांगले दिसते. कल्याणपुढे कसाऱ्याच्या मार्गावर असलेले टिटवाळा स्थानक घ्या. तेथून जाणाऱ्या गाडीला भारतीय रेल्वेचे सर्वसाधारण नियम लागू असतात. त्यांच्या जोडीला मध्य रेल्वेचे दुय्यम नियम असतात. प्रत्येक स्थानकाचे स्वतःचे कार्यनियम असतात. आणि पुढील रुळांवर काम चालू असेल तर त्या एका गाडीच्या चालकाला वेग कमी ठेवण्याविषयी सावधगिरीचा लेखी आदेश मिळतो. जो आदेश अधिक विशिष्ट, तो त्या गाडीपुरता निर्णायक ठरतो. हे साम्य पूर्ण नाही; दुय्यम नियमांना सर्वसाधारण नियमांचा भंग करता येत नाही, कॉन्फिगरेशनच्या फाइलीला मात्र मूळ मूल्य सर्रास बदलता येते. तरीही दोन धडे घेण्यासारखे आहेत. आदेश नेमून दिलेल्या ठिकाणाहूनच निघतो, वाटेवरच्या प्रत्येक फाटकवाल्याने आपला वेगळा आदेश काढायचा नसतो. आणि तो लेखी असल्यामुळे मागाहून तपासता येतो.

हे दोन्ही धडे जिच्यात उतरलेले दिसतात अशी एक आज्ञावली आपल्या जवळच, पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, घडली आहे. तेथील वांतरिक्ष अभियांत्रिकी विभागाचे प्राध्यापक प्रभु रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांची 'पायएसपीएच' ही प्रणाली द्रवाचे व घनाचे चलन कणांच्या साहाय्याने गणिते. तिच्या मुळाशी असलेली पद्धत १९७७ साली लूसी यांनी, आणि स्वतंत्रपणे गिंगोल्ड व मोनाघन यांनी मांडली. येथे कमांड लाइन वाचण्याचा अधिकार 'ॲप्लिकेशन' या एकाच वर्गाकडे आहे. गणनेची योजना सांगणारे 'स्कीम' वर्ग आर्गव्हीला हात लावत नाहीत. आपल्याला कोणते पर्याय हवेत एवढे ते प्रथम जाहीर करतात, ॲप्लिकेशन सर्वांचे पर्याय एकत्र करून एकदाच वाचते, आणि ज्याचे त्याला सोपविते. जाहीर करणे व स्वीकारणे यांसाठी दोन निराळी फलने नेमलेली आहेत. मागणी मॉड्यूलाची, वाचन मात्र मध्यवर्ती, ही विभागणी या रचनेचे सार होय.

तथापि चव्हाट्याची परंपरा येथेही सर्वस्वी वर्ज्य नाही. पायएसपीएचमधून निघून स्वतंत्र झालेल्या 'कंपाइल' या संचात एकच सामाईक कॉन्फिगरेशन असते व ते एका फलनाद्वारे मिळविले जाते. गणना ओपनएमपीने करावी की ओपनसीएलने, हे संहिता सिद्ध करणाऱ्या खोलवरच्या भागांना ठाऊक असावे लागते. ते प्रत्येक फलनातून हातोहात नेणे जिकिरीचे ठरले असते. 'काय गणायचे' ते हाती सोपवावे आणि 'कशाने गणायचे' ते सामाईक ठेवावे, असे या तडजोडीचे समर्थन करता येईल. परंतु ही रेषा वाटते तितकी स्वच्छ नाही. दशांशांची अचूकता एकेरी असावी की दुहेरी, हा पर्यायही याच सामाईक कॉन्फिगरेशनमध्ये बसतो, आणि तो तर उत्तरातील अंकच बदलू शकतो.

म्हणूनच नोंदीचे महत्त्व वाढते. पायएसपीएच आपल्या फलिताशेजारी एका लहान फाइलीत, दिलेल्या आर्ग्युमेंटांसह, त्या गणनेची माहिती लिहून ठेवते. रामचंद्रन यांनी २०१८ साली मांडलेले 'ऑटोमॅन' त्यापुढे जाते. प्रबंधातील प्रत्येक आकृतीसाठी लागणाऱ्या गणना पायथनमध्येच लिहून ठेवाव्यात, त्यांची प्राचले कमांड लाइनच्या पर्यायांत आपोआप रूपांतरित व्हावीत, आणि एका आज्ञेने सर्व आकृत्या पुन्हा सिद्ध व्हाव्यात, अशी त्याची योजना आहे. वापरणाऱ्याच्या बोटांनी लिहिली जाणारी कमांड लाइन येथे संशोधनाचा दस्तऐवज बनते.

या इतिहासावरून जो निष्कर्ष निघतो तो असा. गेटऑप्टपासून आर्गपार्सपर्यंतच्या तीस वर्षांत वाचनाचे साधन परिष्कृत होत गेले. वाटपाची शिस्त मात्र कोणत्याही साधनाने दिली नाही, ती आज्ञावली रचणाऱ्यासच पाळावी लागली. आर्ग्युमेंटे प्रमुखाने एकदाच वाचावीत. मॉड्यूलांनी ती स्वतः न शोधता स्वीकारावीत. सामाईक कॉन्फिगरेशन अपरिहार्य असेल तेथे ते एकच असावे व गणना सुरू होण्यापूर्वी भरलेले असावे. आणि नोंद करायची ती केवळ कमांड लाइनवर लिहिलेल्या शब्दांची नव्हे, तर अग्रक्रम लावून शेवटी ठरलेल्या सर्व मूल्यांची व आज्ञावलीच्या आवृत्तीचीही. जे मूल्य वापरणाऱ्याने लिहिलेच नाही ते संहितेतील मूळ मूल्यावरून येते, आणि पुढील आवृत्तीत तेच बदललेले असू शकते. तशा प्रसंगी तीच आज्ञा, त्याच शब्दांत, निराळे उत्तर देईल. आणि जुने उत्तर कशावर उभे होते हे सांगायला ही नोंदच काय ती शिल्लक असेल.