लाख दिव्यांचे मानकरी

दसरा म्हटले की आपल्याला आपट्याची पाने आठवतात. म्हैसूरकरांना दिवे आठवतात. काही वर्षांपूर्वी नवरात्रात मी तिथे होतो. संध्याकाळचे सात वाजत आले होते. राजवाड्यासमोरच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एकाएकी समोरची करडी वास्तू सोन्याची झाली. जवळपास एक लाख दिवे एकदम लागले. शेजारच्या म्हातारबाबांनी हात जोडले. मीही नकळत डोक्यावरची टोपी सारखी केली.

श्रोतेहो, हे दिवे नेमके कुणाचे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. पुढे तो न्यायालयापर्यंत गेला. म्हणून आज ही गोष्ट मुळापासून सांगावीशी वाटते.

या उत्सवाची परंपरा विजयनगरच्या महानवमीकडे जाते. तिथला सोहळा पाहून ज्यांनी लिहून ठेवले, त्यांत पंधराव्या शतकात हेरातहून आलेला अब्दुर रझ्झाक हा राजदूतही होता. विजयनगर मोडले, पण उत्सव मोडला नाही. १६१० साली राजा वोडेयार यांनी तो श्रीरंगपट्टणला सुरू केला. पुढे खरी सत्ता हैदरअलीच्या हाती गेली, तरी दसऱ्याला वोडेयार राजाचे दर्शन प्रजेला घडवले जाई. टिपूने मात्र १७९६ नंतर नवा राजा गादीवर बसवलाच नाही. इतिहास सांगायचा तर दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. १७९९ मध्ये टिपू पडला. वोडेयारांना गादी परत मिळाली, राजधानी म्हैसूरला आली आणि तिच्याबरोबर दसराही आला.

तोवर उजेड होता तो पणत्यांचा आणि मशालींचा. १८९७ साली राजकन्येच्या लग्नात जुना लाकडी वाडा आगीत गेला. हेन्री आयर्विन या वास्तुकाराने आखलेला नवा राजवाडा १९१२ साली पुरा झाला. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. शिवनसमुद्रजवळ कावेरीच्या धबधब्यावर १९०२ साली वीज तयार होऊ लागली. ती आधी गेली कोलारच्या सोन्याच्या खाणींना, १९०५ साली बंगळूरला आणि १९०८ साली म्हैसूरला. राजवाडा उभा राहिला तेव्हा त्याला उजळणारी वीज दाराशी आलेली होती.

हे सारे चौथ्या कृष्णराज वोडेयारांच्या कारकिर्दीतले. त्यांचे बालपणीचे सहाध्यायी मिर्झा इस्माईल १९२६ ते १९४१ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. कृष्णराजसागर धरणाखालची वृंदावन बाग आणि तिथली रंगीत दिव्यांची कारंजी ही त्यांच्याच काळातली. राजा हिंदू, दिवाण मुसलमान, आणि दोघांनाही आपले शहर देखणे करण्याचा सारखाच ध्यास.

विजयादशमीला मिरवणूक निघते. पूर्वी हत्तीवरच्या सोन्याच्या अंबारीत महाराज बसत. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजांची जागा चामुंडेश्वरीने घेतली. साधारण साडेसातशे किलोची ती अंबारी घेऊन हत्ती सुमारे पाच किलोमीटर चालतो. वाटेत जो हमरस्ता लागतो त्याला नाव आहे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे! मिरवणूक बन्नीमंटपाला पोचते. बन्नी म्हणजे आपली शमी. तिथे रात्री मशालींची कवायत होते. लाख दिव्यांच्या सणाचा शेवट मशालींच्या उजेडातच होतो.

हत्ती येतात नागरहोळेच्या जंगलातून, आणि त्यांच्याबरोबर येतात माहुतांची बिऱ्हाडे. माहुतांत जेनु कुरुब आदिवासी आहेत, तसे मुसलमानही आहेत. राजवाड्याच्या आवारात त्यांची राहुटी पडते, पोरांसाठी तात्पुरती शाळा भरते. द्रोण नावाच्या हत्तीने वर्षानुवर्षे ही अंबारी वाहिली. १९९८ साली जंगलात विजेच्या तारेला लागून तो गेला. ज्या विजेने राजवाडा झळाळतो तिनेच त्याचा जीव घेतला. रोषणाई पाहताना त्याचीही आठवण ठेवावी.

आता त्या प्रश्नाकडे येतो. २०१७ साली दसऱ्याचे उद्घाटन 'नित्योत्सव'चे कवी के. एस. निसार अहमद यांनी केले. २०२५ साली हा मान बानू मुश्ताक यांना मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक लाभले होते. हार्ट लॅम्प म्हणजे काळजातला दिवा. पण मुसलमान बाईने देवीच्या उत्सवाचे उद्घाटन का करावे, असा वाद उठला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात. दोन्ही ठिकाणी याचिका फेटाळल्या गेल्या. २२ सप्टेंबरला चामुंडी टेकडीवर बानूबाईंनी देवीवर फुले वाहिली.

मी मराठीत कविता लिहितो. 'तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं काय लिहिता?' असे मला अजूनही कौतुकाने विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या कौतुकात मला उंबऱ्याबाहेर उभे केलेले असते. बानूबाईंना जे विचारले गेले ते याच प्रश्नाचे रागावलेले रूप होते. मी माझ्या भाषेत पाहुणा नाही, आणि त्याही त्यांच्या राज्याच्या सणात पाहुण्या नव्हत्या.

विजयादशमी उलटली की हत्ती ट्रकमधून जंगलात परततात. राहुट्या उठतात, माहुतांची पोरे आपल्या गावच्या शाळेत जातात. राजवाड्यावरचे दिवे मात्र रविवारी संध्याकाळी पुन्हा लागतात. जमले तर एकदा जाऊन या. दिवे लागतील तेव्हा वर पाहालच. क्षणभर शेजारच्या चेहऱ्यांकडेही पाहा. तो उजेड सगळ्यांच्या तोंडावर सारखाच पडलेला असतो.