बडोद्याची ग्रंथालये : दरबाराची की गावाची?

राजाने ग्रंथ जमवावेत, ही आपल्या देशात नवलाची गोष्ट नव्हे. तंजावरच्या सरफोजीराजांचे सरस्वती महाल हे त्याचे मराठी मनाला अभिमान वाटावा असे उदाहरण आहे. परंतु राजाने ग्रंथ रयतेच्या हाती, तेही तिच्या गावी नेऊन द्यावेत, ही कल्पना अगदी निराळी. भारतात ती पद्धतशीरपणे प्रथम अमलात आली बडोदे संस्थानात, आणि तिचा इतिहास केवळ एका राजाच्या औदार्याचा इतिहास नाही.

या कल्पनेचे मूळ शाळेत आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ साली ती सक्ती सर्व राज्यास लागू केली. पण शाळा सुटली की वाचन सुटते, आणि वाचन सुटले की थोड्याच वर्षांत अक्षरओळखही पुसट होते. शेतकऱ्याच्या मुलाला वाचावयास शिकवावयाचे, आणि वाचण्याजोगे मात्र काहीच पुरवावयाचे नाही, हा व्यवहार फुकट जाणारा होता. ग्रंथालय हा शिक्षणावरील अलंकार नसून त्याचा उत्तरार्ध आहे, हे महाराजांनी ओळखले.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास १९१० साली बडोद्यास आणले. बॉर्डन जेमतेम तीन वर्षे राहिले, पण तेवढ्यात त्यांनी स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे केले, वर्गीकरणाची पद्धती बसविली आणि १९११ साली ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू केला. भारतातील ग्रंथालयशिक्षणाचा आरंभ तो हाच. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरले. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी या तीन भाषांत ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. पुढे ज. स. कुडाळकर आणि न्यूटन दत्त यांनी ही परंपरा चालविली.

तथापि खाते म्हणजे चळवळ नव्हे. बॉर्डन येण्यापूर्वीच, १९०६ च्या सुमारास, चरोतरातील मोतीभाई अमीन नावाच्या शिक्षकाने ‘मित्रमंडळ’ पुस्तकालये काढण्यास आरंभ केला होता. पुढे याच गृहस्थांना ग्रामीण ग्रंथालयांच्या कामासाठी खात्यात घेण्यात आले. दरबारची योजना आणि गावचा माणूस यांची गाठ पडली, ती येथे.

योजनेचे मर्म तिच्या हिशेबात होते. गावाने वर्गणीने काही रक्कम उभी करावी. तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने. इमारतीसाठीही हाच त्रिभागी नियम. गावाने आधी आपला हात खिशात घातल्यावाचून दरबारचा पैसा येत नसे. म्हणून आलेले पुस्तक गावाला आपले वाटे. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडीत; वाचकाला त्यासाठी काही द्यावे लागत नसे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राजघराणे मराठी असले तरी गावोगावच्या या संग्रहांत मुख्यतः गुजराती पुस्तके होती. रयतेला तिच्याच भाषेत ज्ञान द्यावयाचे, हा विवेक राज्यकर्त्याच्या अंगी असणे सोपे नाही. परप्रांती अधिकारपदावर असणाऱ्यांनी तो विशेष आठवावा.

या नियमात एक उणीवही होती. जे गाव आपला तिसरा हिस्सा उभा करू शकत नसे, ते गाव अनुदानासही मुके. म्हणजे ज्याची गरज अधिक, त्याचाच वाटा कमी. फिरती पेटी हा त्यावर उतारा होता, पण पेटी परत जाते, ग्रंथालय राहते. पुढील कायद्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसविला, म्हणजे वर्गणीचे औदार्य कराच्या कर्तव्यात बदलले. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली झाला, पण त्यात उपकर नाही. तेथील ग्रंथालये आजही बहुतांशी लोकांच्या संस्था आणि सरकारचे अनुदान यांवर चालतात. बडोद्याच्या हिशेबाची छाया त्यात दिसते. तिच्या गुणासह आणि उणिवेसहही.

१९३९ साली सयाजीराव निवर्तले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आश्रयदाता गेला की आश्रित संस्था ढासळते, हा सामान्य नियम. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय मात्र मांडवीजवळ अद्याप उभे आहे. राजाने पुस्तके दिली, हे त्याचे मोठेपण खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, त्याने गावाकडे त्याचा हिस्सा मागितला. दिलेल्या वस्तूची मालकी देणाऱ्याकडे राहते. ज्यात आपला वाटा आहे, ती वस्तू आपण सांभाळतो. ग्रंथालयात पुस्तके किती, हे यादी पाहून कळते. त्यात लोकांचा वाटा किती, यावर ते किती पिढ्या टिकेल, हे ठरते.