पाण्यावरचा उजेड

मलबार हिलवरून टिपलेला मरीन ड्राइव्हचा रात्रीचा फोटो खडवलीत भातसा नदीकाठी बसलेल्या पोराच्या मोबाइलमध्येही सापडतो. त्या फोटोचं मूळ शोधायला निघालं की कॅमेऱ्याइतकंच दिव्यांकडे पाहावं लागतं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 मध्ये. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी. 1865 मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवेही लागले. कॅमेरे होते, दिवे होते, समुद्र तर होताच. तरी रात्र फोटोत येईना. अडचण काचेची होती. कलोडियन लावलेली काच ओली असेपर्यंतच कामाची. ती वाळायच्या आत कॅमेऱ्यात घालायची, उजेड दाखवायचा आणि काळ्या तंबूत नेऊन धुवायचीही. गॅसच्या मिणमिणत्या दिव्याने तेवढ्या वेळात काय भागणार? 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा लेप सुचवला, पुढे कोरड्या काचा बाजारात आल्या आणि ही घाई संपली. 1896 च्या सुमारास फोटोग्राफर पॉल मार्टिनने लंडनमध्ये थेम्सकाठची दिव्यांची रात्र टिपली. ब्रासाईचं रात्रीच्या पॅरिसवरचं फोटोंचं पुस्तक आलं ते 1930 च्या दशकात.

त्याच दशकात बॅकबेत भराव घालून मरीन ड्राइव्ह आकाराला येत होता. फोटोचं निम्मं काम त्याच्या बाकानेच केलं. किनारा सरळ असता तर टोकाला उभं राहिल्यावर दिवे एकामागे एक लपले असते; चंद्रकोरीसारखं वळण असल्याने टेकडीवरून प्रत्येक दिवा सुटा दिसतो. शटर काही सेकंद उघडं ठेवलं की लाटा पुसल्या जातात आणि डोळ्यांना कधीच न दिसणारं तुळतुळीत पाणी फोटोत उतरतं. लोक याला निसर्गाचा फोटो म्हणतात. मला तो वीजबिलाचा फोटो वाटतो.

मरीन ड्राइव्हच्या या दिव्यांच्या रांगेला ‘राणीचा हार’ म्हणतात. त्या हाराचं सोनं होतं सोडियमच्या दिव्यांचं. 2015 मध्ये तिथे पांढरे एलईडी लागले आणि ओरड झाली; वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, नंतर पिवळसर दिवे परतले. इतक्या वर्षांच्या फोटोंनी त्या रंगाची सवय लावली नसती, तर दिव्याच्या छटेसाठी कोण भांडलं असतं?

2018 मध्ये गूगलने आपल्या फोनमध्ये रात्रीच्या फोटोंची सोय आणली: एकामागून एक बरेच फोटो काढून ते एकावर एक बसवायचे. ट्रायपॉडची गरज बरीच कमी झाली. आता ठाण्याच्या तलावपाळीवर आइस्क्रीम खाता खाता कुणीही मासुंदा तलावातल्या दिव्यांच्या रेघा टिपतो, कल्याणच्या काळ्या तलावावरही तेच. फोन मात्र अंधार इतका उजळतो की रात्रीची संध्याकाळ होते. हे मला खटकतं.

खडवलीचं गणित वेगळं. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा भातसाचा, पण तिच्या काठाला दिव्यांचा हार नाही. इथे उजेडाची नाही, अंधाराची छटा सांभाळायची असते. फोनची करामत बंद ठेवून अमावास्येच्या आसपास शटर वीसेक सेकंद उघडं ठेवून पाहा. पण पावसाळ्यात रात्री नदीत उतरू नका. वर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढतं, आणि प्रशासन काढतं तो मनाईहुकूम फोटो काढणाऱ्यांनाही लागू असतो. ट्रायपॉड लावायचा तो दिवाळीनंतर, तोही वरच्या काठावर.