साक्षी आणि सूत्रे

शिक्षणाचा अभ्यास म्हटला की पटसंख्या व निकालाचे आकडे डोळ्यांपुढे येतात. परंतु मूल शाळा का सोडते, याचे उत्तर पालकांच्या बोलण्यात असते. असे जबाब वाचून, सारख्या अर्थाची विधाने एकत्र लावून त्यांतून सूत्रे काढणे ही आज संशोधनाची मान्य पद्धत आहे. नाव नवे, काम जुने.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. महात्मा फुले यांनी निवेदन दिले ते याच आयोगापुढे. मुसलमानांच्या मागासलेपणाविषयीच्या साक्षींची आयोगाने कारणवार मांडणी करून १७ शिफारशी केल्या. धर्मशिक्षणाचा अभाव, इंग्रजीमुळे श्रद्धा ढळण्याची भीती, गतवैभवाचा अभिमान ही कारणे त्यात आहेत. मुसलमान शिक्षकांची अल्प संख्या व दारिद्र्य हीही आहेत. धर्माचा या प्रश्नाशी फारसा संबंध नाही, असे मोजके साक्षीदार म्हणाले. तेही नोंदले गेले, हे आयोगाचे मोठेपण. पण लोकांच्या ध्यानी राहिला तो धर्म. दारिद्र्य मागे पडले. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात आणि आयोग ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, तेव्हा आपल्या पणजोबांना कोणी विचारलेच नाही!

२००५ साली नेमलेल्या न्या. राजिंदर सच्चर समितीने राज्याराज्यांत लोकांचे ऐकून, २००६ च्या अहवालात ते ओळख, सुरक्षितता व समन्याय या सूत्रांखाली मांडले. मुलींसाठी जवळ शाळा नाही, वसतिगृह नाही, शिक्षिका नाहीत, ही गाऱ्हाणी त्यात आहेत. आकडेही तपासले गेले. शाळकरी वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे ३ टक्केच निघाली.

समजा, एखादा बाप म्हणतो, "सातवीनंतर पोरीला कसं धाडू? शाळा दुसऱ्या गावाला, एसटी अंधार पडल्यावर." हे वाक्य 'रूढी'खाली टाकले तर उपाय प्रबोधन ठरतो, 'अंतर'खाली टाकले तर एसटीची वेळ व वसतिगृह. म्हणून तेच जबाब दोघांनी स्वतंत्रपणे लावून पाहावेत, आणि कोठेच न बसणारे वाक्य फेकू नये.

आपल्याकडे एक काम बाकी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उर्दूत शिकलेल्या घरांपुढे कचेरीची भाषा बदलली. त्या काळी वर्गात बसलेली काही वडीलधारी मंडळी अजून आहेत. एम.एड. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांचे बोल त्यांच्याच शब्दांत, दखनीत असतील तर दखनीत, उतरवून घ्यावेत. सूत्रे नंतर काढता येतील.